अदाजिएत्तोची बदलती लय

ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदानं १९२६ च्या मे महिन्यात कोलंबिया कंपनीसाठी एक छोटी रचना ध्वनिमुद्रित केली. कंडक्टर होते विलेम मेंगेलबर्ग आणि रचना होती गुस्ताव माहलर यांच्या पाचव्या सिंफनीतली चौथी मुव्हमेंट, ‘अदाजिएत्तो’. ती सात मिनिटांहून किंचित जास्त वेळात संपली आणि तबकडीच्या दोन बाजूंवर नीट बसली. पुढे १९८८ मध्ये बर्नार्ड हायटिंक यांनी बर्लिन फिलहार्मोनिककडून हीच मुव्हमेंट वाजवून घेतली. या खेपेला तिला जवळजवळ चौदा मिनिटं लागली. हायटिंक काही परके नव्हते. मेंगेलबर्ग यांनी घडवलेल्या त्याच कॉन्सर्टखेबाउचे ते पाव शतकाहून अधिक काळ प्रमुख कंडक्टर होते.

दोन्ही ध्वनिमुद्रणांत स्वर तेच आहेत, वाद्यं तीच आहेत, पट्टी तीच एफ मेजर आणि बारही तेवढेच, १०३. लय मात्र जवळजवळ निम्म्यावर आली आहे. लयीबरोबर भावही पालटला आहे. मेंगेलबर्ग यांच्या तबकडीतली सुरावट कुणाला तरी उत्कटपणे साद घालते. हायटिंक यांच्या ध्वनिमुद्रणात ती निरोप घेत असल्यासारखी वाटते. ज्यांनी हे संगीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिल्यांदा ऐकलं, त्यांतल्या बहुतेकांच्या मनात ते मृत्यूशी जोडलेलं आहे. माहलर यांच्या हस्तलिखितात या मुव्हमेंटपाशी मृत्यूचा उल्लेखही नाही. मग हे दुःख त्यात आलं कुठून? याचं उत्तर शंभर वर्षांच्या तबकड्यांतून, एका अंत्यविधीतून आणि एका चित्रपटातून मिळतं.

पाचवी सिंफनी लिहायला घेतली तेव्हा माहलर चाळिशीत नुकते पोचले होते. १८९७ पासून ते व्हिएन्नाच्या कोर्ट ऑपेराचे संचालक होते. ऑपेराचा हंगाम त्यांना श्वास घेऊ देत नसे, त्यामुळे स्वतःचं लेखन फक्त उन्हाळी सुट्टीत व्हायचं. १९०१ च्या २४ फेब्रुवारीला रात्री त्यांना आतड्यांतून भयंकर रक्तस्राव झाला. ते थोडक्यात वाचले. त्या उन्हाळ्यात वोर्थरझे तलावाच्या काठी मायरनिग इथल्या घरी त्यांनी या सिंफनीचं काम सुरू केलं. मग नोव्हेंबरात व्हिएन्नातल्या एका घरगुती मेजवानीत त्यांची आल्मा शिंडलर या बावीस वर्षांच्या तरुणीशी गाठ पडली. स्वतः संगीतरचना करणारी, हजरजबाबी, देखणी. चार महिन्यांत, ९ मार्च १९०२ रोजी, दोघांचं लग्न झालं. पुढच्या उन्हाळ्यात ते मायरनिगला परतले ते पत्नीसह, आणि सिंफनी तिथेच पुरी झाली. तिची स्वच्छ प्रत आल्मा यांनी स्वतःच्या हातानं उतरवून काढली.

मरणाच्या दारातून परतणं आणि प्रेमात पडणं, दोन्ही एका वर्षाच्या आत घडलं. सिंफनीच्या आराखड्यातही या दोन्ही गोष्टी आहेत. पाच मुव्हमेंट तीन भागांत विभागल्या आहेत. पहिली मुव्हमेंट सी शार्प मायनरमध्ये आहे, आणि माहलर यांनी तिच्यावर स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे: शोकयात्रा. एकटा ट्रम्पेट तिची सुरुवात करतो आणि तिची पावलं जड पडतात. दुसरी ए मायनरमधली, वादळी. तिसरं डी मेजरमधलं लांबलचक स्केर्त्सो, नाचऱ्या अंगाचं, ज्यात एका हॉर्नला जवळजवळ एकल वादकाचा मान आहे. मग चौथी मुव्हमेंट अदाजिएत्तो, एफ मेजरमध्ये. आणि शेवटी पुन्हा डी मेजरमधला आनंदी रोंडो. जवळजवळ सत्तर मिनिटांचा हा प्रवास अंधारातून उजेडाकडे जातो. अदाजिएत्तो त्यात उजेडाच्या बाजूला आहे. शोक पहिल्या भागात संपलेला आहे. ज्या माणसानं शोक लिहायचा होता तेव्हा तो मायनर पट्टीत, ट्रम्पेट आणि ढोलासह, नाव देऊन लिहिला, त्यानं चौथ्या मुव्हमेंटमध्ये तो मेजर पट्टीच्या आड लपवून ठेवला असेल हे पटायला कठीण जातं.

या सिंफनीचा वाद्यवृंद अवाढव्य आहे: सहा हॉर्न, चार ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, ट्युबा, बासऱ्या, क्लॅरिनेट, तालवाद्यांचा ताफा. अदाजिएत्तोत ही सगळी मंडळी हात आवरून बसतात. वाजतात फक्त तंतुवाद्यं आणि एक हार्प. स्केर्त्सोच्या गदारोळानंतर कानाला हा बदल इतका जाणवतो की सभागृहाचा आकारच लहान झाल्याचा भास व्हावा.

सुरुवातही चोरपावलांनी होते. हार्प दोन-तीन स्वर हळूहळू विखरत येते, तंतुवाद्यं धूसर आधार देतात, आणि पहिल्या क्षणी ही पट्टी मेजर की मायनर याचाच पत्ता लागत नाही. मग पहिल्या व्हायोलिनांवर तीन चढत्या स्वरांची सुरावट निघते आणि खालचा एफ स्वर येऊन सगळ्याला जमीन मिळते. पुढे जवळजवळ प्रत्येक वळणावर सुरावट हव्या त्या स्वराच्या शेजारच्या स्वरावर थबकते आणि मग घरी उतरते. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या कानाला ही ओढ ओळखीची आहे: न्यासाचा स्वर समोर दिसतो आहे, आणि गायक मुद्दाम त्याच्या उंबऱ्याशी रेंगाळतो आहे. मधल्या भागात सूर दूरच्या जी फ्लॅट मेजरमध्ये जातात, तिथून आणखी पट्ट्या ओलांडतात, आणि मग व्हायोलिनांच्या एका लांब मींडेतून मूळ सुरावट एफ मेजरमध्ये परत येते.

लयीबद्दल माहलर यांनी मेट्रोनोमचा आकडा दिलेला नाही. वरती लिहिलं आहे ‘अतिशय सावकाश’. या दोन शब्दांच्या बळावर पुढच्या पिढ्यांनी खूप काही केलं. पण स्वरलेखनात याच्या जोडीला आणखी सूचना आहेत आणि त्या तितक्याच ठळक आहेत. तेविसाव्या बारपाशी माहलर बजावतात की रखडू नका, सुरुवातीपेक्षा थोडं प्रवाही राहा. नंतर एका ठिकाणी पुढे रेटण्याची सूचना आहे, तर मधल्या भागात आणखी वाहतं ठेवण्याची. म्हणजे त्यांच्या मनातली लय संथ असली तरी थांबलेली नव्हती. तिला आत चढउतार होते, श्वास होता.

मेंगेलबर्ग यांच्याकडे या मुव्हमेंटविषयी एक किल्ली होती. माहलर यांच्याशी त्यांची घट्ट मैत्री होती. माहलर १९०३ पासून ॲमस्टरडॅमला येऊन स्वतःच्या रचना तिथे वाजवून घेत, आणि पाचवी सिंफनीही त्यांनी १९०६ मध्ये तिथे वाजवली. मेंगेलबर्ग यांनी आपल्या प्रतीत अदाजिएत्तोपाशी एक टीप लिहून ठेवली आहे. तिचा मथितार्थ असा की ही मुव्हमेंट म्हणजे माहलर यांनी आल्मा यांच्यापुढे व्यक्त केलेलं प्रेम होतं. पत्राऐवजी त्यांनी हस्तलिखितच पाठवलं, एकही शब्द न जोडता. आल्मा यांना ते उमगलं आणि त्यांनी माहलर यांना बोलावून घेतलं. हे आपल्याला दोघांनीही सांगितलं, असंही मेंगेलबर्ग लिहितात.

अभ्यासकांनी या टिपेवर शंका घेतल्या आहेत. आल्मा यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाचा उल्लेख केलेला नाही, आणि आपल्यावर झालेल्या प्रेमाच्या खुणा नोंदवायला त्या कधी मागे राहिल्या नव्हत्या. प्रसंग तंतोतंत तसा घडला असो वा नसो, एक गोष्ट टिपेतून नक्की कळते. माहलर यांना जवळून ओळखणारा, त्यांच्या तालमी पाहिलेला कंडक्टर या संगीताकडे प्रेमाचं संगीत म्हणून पाहत होता आणि त्याच भावनेनं ते वाजवत होता.

माहलर स्वतः ते किती वेळात वाजवत? त्यांच्या हयातीतल्या प्रयोगांच्या ज्या नोंदी उरल्या आहेत, त्या सात ते नऊ मिनिटांच्या आहेत. त्यांच्या हातच्या वाद्यवृंदाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. नोव्हेंबर १९०५ मध्ये लाइपझिगला त्यांनी वेल्टे-मिन्योन कंपनीसाठी स्वयंचलित पियानोच्या चार कागदी पट्ट्या वाजवून दिल्या. पाचव्या सिंफनीतली शोकयात्रा त्या चारांत आहे, अदाजिएत्तो नाही. ही हुरहूर माहलरप्रेमींना आजही आहे.

लयीच्या बाबतीत लोक आपल्या रचनेचं काय करतील, याची माहलर यांना धास्ती होतीच. १८ ऑक्टोबर १९०४ रोजी कोलोनला या सिंफनीचा पहिला प्रयोग त्यांनीच केला. त्याच्या तालमी चालू असताना आल्मा यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्केर्त्सोबद्दल भाकीत केलं की पुढची पन्नास वर्षं कंडक्टर ते फार घाईनं वाजवतील आणि त्याचा विचका करतील. अदाजिएत्तोबद्दल त्यांना असली काळजी वाटली नव्हती. तिच्या वाट्याला नेमकी उलटी गोष्ट आली.

सिंफनीपासून तुटून एकट्यानं वावरण्याची सवय या मुव्हमेंटला फार लवकर लागली. लंडनला प्रॉम्स मैफलींत हेन्री वुड यांनी १९०९ मध्ये ती स्वतंत्रपणे वाजवली. संपूर्ण पाचवी सिंफनी ब्रिटनमध्ये प्रथम वाजली ती १९४५ मध्ये. म्हणजे तब्बल छत्तीस वर्षं तिथल्या श्रोत्यांना शोकयात्रेशिवायची, रोंडोशिवायची नुसती अदाजिएत्तो ठाऊक होती. कारणं व्यावहारिक होती. सत्तर मिनिटांची सिंफनी, शंभराच्या घरातले वादक, तालमींचा खर्च. अदाजिएत्तोला मात्र तंतुवादक आणि एक हार्पवाला पुरे.

तबकड्यांनाही तेच सोयीचं होतं. ७८ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वाचार-साडेचार मिनिटांचं संगीत मावायचं. अख्खी सिंफनी म्हणजे तबकड्यांची चळत झाली असती. अदाजिएत्तोला एक तबकडी पुरली. १९२५ मध्ये विजेच्या साहाय्यानं, मायक्रोफोन वापरून ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि तंतुवाद्यांचा पोत प्रथमच बऱ्यापैकी पकडता येऊ लागला. मेंगेलबर्ग यांची तबकडी त्याच लाटेतली. आज ती ऐकताना आधी नवल वाटतं ते मींडेचं. व्हायोलिनवादक एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाहीत, बोट तारेवरून सरकवत नेतात, आणि सगळे मिळून. त्या काळच्या युरोपीय वादनाची ही रीत होती. नंतरच्या पिढ्यांनी ती भावविवश ठरवून टाकून दिली. मेंगेलबर्ग यांची लयही लवचीक आहे. सुरावट चढते तशी ती धावते, शिखरावर रेंगाळते, उतरताना पुन्हा सैल होते. एकूण वेळ कमी असूनही कुठे घाई जाणवत नाही.

दुसरी मोलाची तबकडी व्हिएन्नाची. १९३८ च्या जानेवारीत ब्रूनो वाल्टर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह एचएमव्हीसाठी अदाजिएत्तो ध्वनिमुद्रित केली. वेळ लागला आठ मिनिटांच्या आसपास. वाल्टर तरुणपणी माहलर यांचे सहायक होते, आणि पाचव्या सिंफनीचा पहिला प्रयोग त्यांनी कोलोनला बसून ऐकला होता. या वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक होते आर्नोल्ड रोझे, म्हणजे माहलर यांच्या बहिणीचे, युस्टीन यांचे पती. अर्ध्या शतकाहून जास्त काळ त्यांनी ती जागा सांभाळली होती. मार्चमध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. ज्यू असलेल्या वाल्टर यांना त्या देशाला मुकावं लागलं, रोझे यांना वाद्यवृंदातून काढून टाकण्यात आलं आणि उतारवयात ते लंडनला आश्रयाला गेले. त्यांची मुलगी आल्मा रोझे हिनं ऑशवित्झच्या छळछावणीतल्या बंदिवान स्त्रियांच्या वाद्यवृंदाचं नेतृत्व केलं आणि १९४४ मध्ये तिथेच तिचा अंत झाला. १९३८ च्या त्या जानेवारीत या वादकांच्या डोक्यावर संकट घोंगावत होतं. तरीही त्यांची अदाजिएत्तो उबदार आहे, वाहती आहे. सुतकाची छाया तिच्यावर पडू दिलेली नाही.

दोन बाजूंत बसवायची म्हणून तर ही मंडळी भरभर वाजवत नव्हती? शंका रास्त आहे. पण १९४७ मध्ये वाल्टर यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह संपूर्ण पाचवी सिंफनी ध्वनिमुद्रित केली, तिचं हे पहिलंच पूर्ण ध्वनिमुद्रण. अख्खा संच काढायचा ठरलेला असल्यानं आणखी एखादी बाजू वाढवणं अवघड नव्हतं. तिथेही वाल्टर आठ मिनिटांच्या आतच राहिले. माहलर यांच्या स्वतःच्या प्रयोगांच्या नोंदी याच आकड्यांच्या जवळच्या आहेत, आणि त्या मैफलींत तबकडीचा प्रश्नच नव्हता. माहलर यांना ओळखणाऱ्या दोन कंडक्टरांची लय एकमेकांशी जुळते, ही साक्ष वजनदार आहे.

यानंतर काळ बदलला. नाझी राजवटीत माहलर यांच्या संगीतावर बंदी होती. युद्ध संपलं तेव्हा जर्मन भाषक देशांत ते जाणणारी वादकांची आणि श्रोत्यांची एक पिढी तुटून गेली होती. १९६० मध्ये जन्मशताब्दी आली, एलपी रेकॉर्ड आणि स्टिरिओचा जमाना आला, आणि माहलर यांची पुन्हा लाट उसळली. तिच्या अग्रभागी होते लेनर्ड बर्नस्टाइन. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह त्यांनी १९६३ मध्ये पाचवी सिंफनी ध्वनिमुद्रित केली. त्यातली अदाजिएत्तो अकरा मिनिटांची. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं मावत, त्यामुळे आता घड्याळाचं बंधन नव्हतं. बर्नस्टाइन यांच्यासाठी माहलर हे विसाव्या शतकातल्या विनाशांची चाहूल लागलेले द्रष्टे होते. त्यांच्या नजरेतून पाहिलं की अदाजिएत्तोतला प्रत्येक थबकलेला स्वर एक वेदना होतो.

८ जून १९६८. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये रॉबर्ट केनेडी यांचा अंत्यविधी. दोन दिवसांपूर्वी लॉस एंजेलिसला बंदुकीच्या गोळ्यांनी त्यांचा बळी घेतला होता. पाच वर्षांत केनेडी घराण्यातल्या दुसऱ्या भावाची हत्या. बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांसह तिथे अदाजिएत्तो वाजवली, आणि दूरचित्रवाणीवरून ती अमेरिकेनं ऐकली. ज्यांनी माहलर हे नाव कधी ऐकलं नव्हतं, त्यांच्याही कानात ती सुरावट त्या शवपेटिकेबरोबर कायमची बसली. बर्नस्टाइन यांचं १९९० मध्ये निधन झालं, तेव्हा त्यांच्याबरोबर पाचव्या सिंफनीची प्रत पुरण्यात आली असं सांगितलं जातं.

केनेडी यांच्या अंत्यविधीनंतर तीन वर्षांनी लुकिनो व्हिस्कोंती यांचा चित्रपट ‘डेथ इन व्हेनिस’ आला. थॉमस मान यांच्या १९१२ च्या मूळ कादंबरिकेत नायक आशेनबाख हा लेखक आहे. पण मान यांनी त्याला गुस्ताव हे नाव दिलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्याचं वर्णन १९११ च्या मे महिन्यात निवर्तलेल्या माहलर यांच्यावरून घेतलं होतं. व्हिस्कोंतींनी पुढचं पाऊल टाकलं आणि आशेनबाखला थेट संगीतकार केलं. डर्क बोगार्ड यांनी ती भूमिका केली. चित्रपट उघडतो तो धूसर पहाटे व्हेनिसकडे येणाऱ्या आगबोटीवर, आणि अदाजिएत्तोवर. संपतो तो कॉलऱ्यानं ग्रासलेल्या शहराच्या किनाऱ्यावर, खुर्चीत प्राण सोडणाऱ्या आशेनबाखवर, आणि पुन्हा अदाजिएत्तोवर. फ्रँको मान्नीनो यांनी रोमच्या सांता चेचीलिया वाद्यवृंदाकडून ती वाजवून घेतली होती.

चित्रपट उत्तम आहे. त्यानं लाखो लोकांना माहलर यांच्यापर्यंत नेलं, हे त्याचं ऋण मान्य करायलाच हवं. पण त्याची पकड इतकी जबर ठरली की संगीत त्याच्या चौकटीतून बाहेर पडेना. नंतरच्या कितीतरी रेकॉर्डच्या वेष्टनांवर व्हेनिसचा उल्लेख झळकू लागला. हर्बर्ट फॉन कारायान यांनी १९७३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसह केलेली अदाजिएत्तो जवळजवळ बारा मिनिटांची आहे, रेशमासारखी सलग. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९५ मध्ये, डॉइच ग्रामोफोननं त्यांच्या संथ ध्वनिमुद्रणांची ‘अदाजिओ’ नावाची सीडी काढली. ती याच अदाजिएत्तोनं सुरू होते. लाखोंनी खपलेल्या या सीडीनं सिंफनीतली एक पायरी घरोघरच्या निवांत संध्याकाळचं संगीत करून टाकली.

सगळेच त्या वाटेनं गेले असं नाही. जॉन बार्बिरोली यांची १९६९ ची, लंडनच्या न्यू फिलहार्मोनियासह केलेली अदाजिएत्तो दहा मिनिटांच्या आत आहे आणि तिच्यात माया आहे. याच दशकांत एका मुंबईकरानंही ही सिंफनी ध्वनिमुद्रित केली. झुबिन मेहता यांनी १९७६ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसह डेक्कासाठी ती वाजवली, आणि पुढे न्यूयॉर्कसहही. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या मेहली मेहतांचा हा मुलगा अठराव्या वर्षी मुंबई सोडून संगीत शिकायला गेला तो माहलर यांच्याच व्हिएन्नात.

लय निम्मी झाली की या स्वरांचं नेमकं काय होतं, हे वाद्यांच्या अंगानं पाहिलं तर उलगडतं. आठ मिनिटांच्या वादनात हार्पचे विखुरलेले स्वर नाडीसारखे चालतात. ऐकणाऱ्याला पुढचा ठोका कुठे येणार हे आतून कळतं आणि सुरावट त्यावर तरंगते. बारा मिनिटांवर गेलं की हार्पच्या दोन स्वरांत इतकं अंतर पडतं की नाडी विरते. गजाचंही तसंच. एका गजात येणारं स्वरवाक्य लय अर्ध्यावर आल्यावर एका गजात मावत नाही. वादकांना मध्येच गज पालटावा लागतो आणि तो जोड ऐकू येऊ नये म्हणून आवाज सपाट, अखंड ठेवावा लागतो. वाक्याचा उच्चार जातो, उरतो पसरलेला नाद. आणि उंबऱ्याशी थबकणारे ते स्वर! वाहत्या लयीत ते ओढीचे असतात, कारण घर लगेच मिळणार हे ठाऊक असतं. तेच स्वर तीन-चार सेकंद ताणले की घर मिळेल याची खात्री राहत नाही, आणि ओढीचं रूपांतर व्याकुळतेत होतं. पट्टी एफ मेजरच असते. पण कानाला ती मायनरइतकीच करुण लागते.

परतीचा प्रवास नव्वदच्या दशकात सुरू झाला. गिल्बर्ट कॅप्लन हे न्यूयॉर्कचे नियतकालिक-प्रकाशक. माहलर यांच्या दुसऱ्या सिंफनीच्या वेडापायी त्यांनी प्रौढ वयात कंडक्टिंग शिकून घेतलं होतं. १९९२ मध्ये त्यांनी अदाजिएत्तोच्या हस्तलिखिताची हुबेहूब प्रतिकृती, मेंगेलबर्ग यांची टीप आणि जुन्या प्रयोगांच्या वेळांची छाननी एका ग्रंथात प्रसिद्ध केली. जोडीला लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह स्वतः केलेलं, आठ मिनिटांच्या आसपासचं ध्वनिमुद्रण दिलं. सात-आठ मिनिटांचा दावा आता कागदोपत्री पुराव्यासह समोर आला. सायमन रॅटल २००२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले, तेव्हा पदग्रहणाच्या मैफलीत त्यांनी पाचवी सिंफनीच निवडली. अदाजिएत्तो वाजली साडेनऊ मिनिटांच्या आसपास, त्याच वाद्यवृंदानं कारायान आणि हायटिंक यांच्या हाताखाली घेतलेल्या वेळेपेक्षा कितीतरी कमी. वीस वर्षांनी टॉड फील्ड यांच्या ‘टार’ या चित्रपटात केट ब्लँचेट यांनी साकारलेली कंडक्टर याच प्रश्नावर बोलते, बर्नस्टाइन आणि व्हिस्कोंती यांची छाया बाजूला सारते आणि आपण प्रेमाची बाजू घेत असल्याचं सांगून सात मिनिटांचा आकडा देते. चित्रपटानं बसवलेला अर्थ पुसायला दुसरा चित्रपटच धावून आला.

संथ वादनाच्या बाजूनं एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १९०१ च्याच उन्हाळ्यात माहलर यांनी फ्रीडरिश र्‍यूकर्ट यांच्या कवितांना चाली दिल्या. त्यांतलं एक गीत जगापासून दूर झालेल्या, स्वतःच्या प्रेमात आणि गाण्यात एकांतानं राहणाऱ्या माणसाचं आहे. अदाजिएत्तोच्या सुरावटीचं त्या गीताशी जवळचं नातं आहे, आणि ते गीत घाईनं म्हणता येत नाही. म्हणजे या संगीतात माघारीची, एकांताची छटा मुळातच आहे. बर्नस्टाइन किंवा हायटिंक यांनी ती बाहेरून आणून चिकटवली नाही. त्यांनी तिला इतकी जागा दिली की बाकीच्या छटा तिच्याखाली दबल्या.

निवाडा करायचा तर अदाजिएत्तो तिच्या जागी ठेवून करावा लागतो, आणि तिथे शेवटच्या मुव्हमेंटची साक्ष निर्णायक आहे. अदाजिएत्तो संपते न संपते तोच हॉर्न एकच स्वर धरतो, ए. हा एफ मेजरच्या शेवटच्या सुरावटीतलाच स्वर आहे आणि डी मेजरमध्येही तो तितकाच घरचा. त्या एका स्वराच्या पुलावरून सिंफनी रोंडोत उतरते. मग थोड्या वेळानं अदाजिएत्तोच्या मधल्या भागातली सुरावट रोंडोत पुन्हा येते, एकदा नाही, वारंवार. आता तिची लय द्रुत आहे, अंगात नाच आहे, भोवती संपूर्ण वाद्यवृंद आहे. जी सुरावट माहलर यांना पुढच्याच पानांवर बागडायला लावायची होती, ती त्यांनी अंत्यविधीसाठी लिहिली नसावी. चौदा मिनिटांच्या वादनानंतर रोंडोतलं ते रूप कानाला ओळखूच येत नाही, दोहोंतलं अंतर फार पडतं. वाल्टर यांच्या १९४७ च्या ध्वनिमुद्रणात मात्र ते पहिल्या फेरीतच ओळखू येतं: तीच व्यक्ती, आता खोलीतून बाहेर आलेली, लोकांत मिसळून हसणारी.